पोलादाची कातडी कडक केली की ते कमी थकतं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक परिसरातल्या अंबड, सातपूर, सिन्नर, गोंदे इथल्या मशीन शॉपमधली माणसं तुटलेले शाफ्ट, पिना, गिअर घेऊन माझ्याकडे येतात तेव्हा पहिलं वाक्य बहुतेक वेळा एकच असतं: "हार्डनेस तर बरोबर आहे, मग तुटला कसा?" याचं उत्तर एका ओळीत देता येत नाही, फोनवर तर मुळीच नाही. म्हणून पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न इथे लिहून काढले आहेत. एक खुलासा आधीच करतो. पुढे 'ताण' म्हणजे स्ट्रेस. तो ओढणारा असेल तिथे 'खेच' म्हटलं आहे आणि आवळणारा असेल तिथे 'दाब'. या दोन शब्दांतला फरक नीट धरून ठेवा, सगळा विषय त्यावर उभा आहे.

फटीग म्हणजे नेमकं काय? भार तर मर्यादेतच होता.

भार मर्यादेत होता, पण तो लाखो वेळा आला. दर वेळी पोलादात एखाद्या कमजोर जागी कणभर सरक होते, तिथून बारीक भेग सुरू होते, ती रोज थोडी पुढे जाते, आणि उरलेल्या धातूला भार झेपेनासा झाला की भाग एका क्षणात तुटतो. हाच फटीग, म्हणजे पोलादाचा थकवा. बाहेरून आधी काहीच दिसत नाही. शाफ्ट वाकत नाही, लांबत नाही, आवाजही करत नाही.

हे लक्षात यायला माणसांना मोठी किंमत मोजावी लागली. ८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा आस तुटला आणि डब्यांना आग लागून अनेक माणसं गेली. पुढे प्रशियाच्या रेल्वेतला अभियंता ऑगस्ट व्योलर याने आस फिरवून फिरवून तोडण्याचे प्रयोग वर्षानुवर्षं केले आणि १८७० पर्यंत त्यातून निघालेले निष्कर्ष मांडले. भार जितका कमी, तितके जास्त फेरे भाग टिकतो. आणि पोलादाच्या बाबतीत एका मर्यादेखाली तो जवळजवळ तुटतच नाही. ही मर्यादा म्हणजे एन्ड्युरन्स लिमिट. साधारण पोलादात ती तुटण्याच्या ताकदीच्या निम्म्याच्या आसपास असते. म्हणजे ७०० मेगापास्कल (ताणाचं एकक) ताकदीच्या ईएन ८ या मध्यम कार्बनच्या पोलादाला सुमारे ३५०. पण हा आकडा आरशासारख्या चकचकीत नमुन्याचा आहे. नुसतं टर्निंग केलेल्या पृष्ठभागाला त्यातले ८० टक्के धरा, आणि फोर्जिंगची खरखरीत, खपली धरलेली कातडी तशीच ठेवली असेल तर निम्म्याहूनही कमी.

लाखो फेरे म्हणजे फार झाले. आमच्या भागाला इतके फेरे होतात का?

होतात, आणि वाटतं त्यापेक्षा लवकर होतात. द्राक्षबागेतल्या फवारणीच्या ब्लोअरचं उदाहरण घेऊ. ट्रॅक्टरचा पीटीओ (अवजारं फिरवणारा मागचा दांडा) मिनिटाला ५४० फेरे देतो. त्याच वेगाने फिरणारा आणि पट्ट्याच्या ओढीने किंचित वाकलेला शाफ्ट असेल, तर त्याच्या कातडीवरचा प्रत्येक बिंदू एका फेऱ्यात एकदा खेचला जातो आणि एकदा दाबला जातो. तासाला ३२,४०० वेळा. एक कोटीचा आकडा सुमारे ३०९ तासांत पार होतो. पिंपळगाव, दिंडोरीकडे ऑक्टोबर छाटणीनंतर फवारण्या किती होतात हे बागाईतदाराला विचारा. काही हंगामांतच हिशोब पूर्ण होतो.

भेग नेहमी बाहेरूनच का सुरू होते?

वाकवताना आणि पिळताना सर्वांत जास्त ताण पृष्ठभागावर येतो, मध्यभागी तो शून्य असतो. शिवाय टूलच्या खुणा, गंज, की-वेचे (चावी बसवायच्या खाचेचे) कोपरे, ठोकलेले नंबर, हे सगळं बाहेरच असतं. सर्वांत जास्त भार आणि सर्वांत जास्त दोष एकाच ठिकाणी. म्हणूनच फक्त कातडी सुधारली तरी अख्ख्या भागाचं आयुष्य वाढू शकतं.

कडकपणामुळे फायदा होतो, की आणखी कशामुळे?

या प्रश्नावर थोडं थांबायला हवं, कारण इथला गैरसमज सर्वांत महाग पडतो.

कडकपणाचा वाटा आहेच. कडक कातडीत ती कणभर सरक सहज होत नाही, त्यामुळे भेग उशिरा जन्मते. पण दुसरी गोष्ट तितकीच मोठी आहे आणि ती हार्डनेस टेस्टरवर दिसत नाही. चांगल्या उपचारानंतर कातडी कायमची दाबात राहते. भेग उघडायला खेच लागते. कातडी आधीच ३०० मेगापास्कल दाबात असेल, तर बाहेरून आलेल्या खेचेतले पहिले ३०० तो दाब फेडण्यातच जातात.

बैलगाडीच्या चाकावर धाव चढवताना ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हे लगेच समजेल. लोखंडी धाव तापवून चढवतात, ती निवताना आकसते आणि लाकूड आवळून धरते. धाव खेचेत, लाकूड दाबात. बाहेरून कुणी काही करत नसतानाही दोघांत ताण भरून राहतो. केस हार्डनिंगमध्ये, म्हणजे फक्त कातडी कडक करण्यात, बाजू उलट असतात: बाहेरची कातडी दाबात आणि आतला गाभा थोड्या खेचेत.

असं होतं कसं? २० एमएनसीआर ५ सारखं कमी कार्बनचं पोलाद ९०० ते ९५० अंशांवर कार्बनच्या वातावरणात ठेवलं (हेच कार्ब्युरायझिंग) की कातडीतला कार्बन ०.८ टक्क्यांच्या आसपास जातो, गाभ्यात तो ०.२ च राहतो. तेलात बुडवल्यावर कमी कार्बनचा गाभा ४०० अंशांच्या आसपासच मार्टेन्साइट (पोलादाची कडक रचना) व्हायला लागतो आणि फुगतो. त्या वेळी कातडी अजून मऊ असते, ती निमूटपणे जुळवून घेते. जास्त कार्बनची कातडी २०० अंशांच्या खाली गेल्यावर फुगायला बघते, पण तोवर गाभा घट्ट झालेला असतो. तो तिला पसरू देत नाही. पसरायचं आहे पण पसरता येत नाही, म्हणून कातडी दाबात अडकते.

गावचा लोहार विळ्याला पाणी देतो ते धारेसाठी. आपण शाफ्टला पाणी देतो ते या अडकलेल्या दाबासाठीही, हे ड्रॉइंगवर फक्त '५८ ते ६२ एचआरसी' (रॉकवेल टेस्टरवरचा हार्डनेस) लिहिणारे विसरतात.

मग कार्ब्युरायझिंग चांगलं की नायट्रायडिंग?

भार कसा आहे त्यावर ठरतं.

नायट्रायडिंग ५०० ते ५७० अंशांवर अमोनियाच्या वातावरणात होतं, कित्येक तास चालतं आणि शेवटी पाण्यात किंवा तेलात बुडवावं लागत नाही. त्यामुळे भाग फारसा वाकत नाही आणि नंतरचं ग्राइंडिंग बहुधा टळतं. नायट्रोजन शिरल्याने कातडी फुगते आणि चांगल्या दाबात राहते. हा दाब गरम जागीही टिकतो. कार्ब्युराइझ केलेला भाग मात्र २०० अंशांच्या पुढे तापत राहिला तर त्याचा कडकपणा आणि दाब दोन्ही उतरतात.

नायट्रायडिंगची मर्यादा खोलीची. थर बहुधा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, बऱ्याचदा त्याहून कमी. गिअरच्या दातावर जड भार येत असेल तर त्या पातळ कडक थराखालचा मऊ धातू दबतो आणि थर खपलीसारखा निघतो. तिथे कार्ब्युरायझिंगच हवं. क्रँकशाफ्ट, स्पिंडल, फिलेट (पायरीच्या कोपऱ्यातली गोलाई) असलेले बारीक शाफ्ट यांना नायट्रायडिंग उत्तम. दोन गोष्टी सांभाळा. आधीचं टेम्परिंग (हार्डनिंगनंतर पुन्हा तापवून ठिसूळपणा कमी करणं) नायट्रायडिंगच्या तापमानापेक्षा किमान ३० अंश वर झालेलं असावं, नाहीतर गाभा मऊ पडतो. आणि कार्बन उडालेली जुनी कातडी मशीनिंगमध्ये पूर्ण काढलेली असावी, कारण तिच्यावर झालेला थर ठिसूळ होऊन सोलला जातो.

गॅस कार्ब्युरायझिंगमध्येही एक छुपा दोष असतो. भट्टीतला थोडा ऑक्सिजन क्रोमियम, मँगनीज, सिलिकॉन यांच्याशी कणांच्या सीमांवर जुळतो आणि वरच्या १०-१५ मायक्रॉनमध्ये बारीक काळ्या रेघा पडतात. तिथे पूर्ण मार्टेन्साइट होत नाही. रॉकवेल टेस्टरला हा थर कळतच नाही, भेगेला मात्र बरोबर सापडतो. व्हॅक्यूममध्ये केलेल्या कार्ब्युरायझिंगमध्ये हा दोष येत नाही.

इंडक्शन हार्डनिंग केलेला शाफ्ट बरोबर कडक पट्ट्याच्या कडेला तुटला. असं का?

इंडक्शनमध्ये विजेच्या कॉइलने शाफ्टचा ठरावीक पट्टाच तापवून कडक करतात, आणि कडक थर संपतो तिथेच सर्वांत कमजोर जागा तयार होते. कडक पट्टा दाबात असतो. त्याचा तोल साधायला लगतच्या मऊ भागात खेच येते. ती जागा सरळ व्यासावर असेल तर बहुधा निभावतं. नेमकी पायरीच्या कोपऱ्यात, म्हणजे फिलेटमध्ये आली, तर आकारामुळे वाढलेला ताण आणि ही शिल्लक खेच एकत्र येतात.

दिंडोरीकडून एका फॅब्रिकेटरने ब्लोअरचे दोन शाफ्ट आणले होते, ईएन ८ चे, इंडक्शन केलेले. दोन्हींचा हार्डनेस ५६ एचआरसी, रिपोर्टवर बोट ठेवायला जागा नाही. त्याने पहिल्या शाफ्टनंतर हार्डनेस आणखी वाढवून मागितला होता, तो ५६ च राहिला, आणि दुसरा पहिल्यापेक्षा लवकर गेला. उभा कापून, घासून, नायटल (नायट्रिक ॲसिड मिसळलेलं अल्कोहोल) लावून पाहिलं तर काळपट दिसणारा कडक पट्टा पायरीच्या अलीकडे दीड मिलिमीटरवर थांबलेला, फिलेट पूर्ण मऊ, आणि त्याची त्रिज्या जेमतेम अर्धा मिलिमीटर. इंडक्शन करणाऱ्याने काही चुकीचं केलं नव्हतं. ड्रॉइंगवर 'बेअरिंग सीट हार्ड करा' एवढंच होतं, त्याने तेवढंच केलं.

कॉइल बदलून कडक पट्टा फिलेट ओलांडून पुढच्या व्यासावर नेला आणि त्रिज्या २ मिलिमीटर केली. पोलाद तेच, हार्डनेस तोच. या दुरुस्तीत त्रिज्येचा वाटा किती आणि पट्ट्याचा किती हे वेगळं काढता येणार नाही, पण दोन्हींपैकी एकही सोडू नये असं माझं ठाम मत आहे. पट्टा फिलेटपलीकडे नेणं शक्यच नसेल तर तो फिलेटपासून बराच अलीकडे, सरळ भागात संपवा. कोपऱ्यात संपवू नका.

आम्ही शॉट ब्लास्टिंग करून घेतो. म्हणजे पीनिंग झालंच ना?

नाही. मशीन सारखं दिसतं, गोळ्या सारख्या दिसतात, पण कामं वेगळी. ब्लास्टिंगचा हेतू खपली काढणं. पीनिंगमध्ये प्रत्येक गोळी छोट्या हातोड्यासारखी कातडी ठोकते, वरचा थर बाजूला पसरू पाहतो, खालचा धातू पसरू देत नाही, आणि पुन्हा तोच अडकलेला दाब तयार होतो. हा दाब साधारण पाव मिलिमीटरच्या आत असतो आणि त्याचा शिखरबिंदू पृष्ठभागाच्या किंचित खाली.

तो किती झाला हे मोजायला आल्मेन पट्टी वापरतात. अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये काम करणाऱ्या जॉन आल्मेन यांच्या नावावरून हे नाव पडलं. पातळ स्प्रिंग पोलादाची पट्टी एका ठोकळ्यावर बसवून एकाच बाजूने ठोकतात. सोडल्यावर ती धनुष्यासारखी वाकते आणि त्या वाकाची उंची मोजतात. वेळ दुप्पट केल्यावर उंची १० टक्क्यांहून जास्त वाढत नसेल तर तो संपृक्त बिंदू. तुमच्या पुरवठादाराकडे आल्मेन पट्ट्या नसतील, तुटलेल्या गोळ्या चाळून काढायची सोय नसेल, तर तो ब्लास्टिंगच करतो आहे. फुटक्या गोळ्यांचे धारदार कोपरे कातडीवर चरे पाडतात, म्हणजे ज्यासाठी पैसे दिले त्याच्या उलटं होतं.

ट्रकच्या पाट्यांना (लीफ स्प्रिंगना) पीनिंगचा सर्वांत उघड फायदा मिळतो. पाटा भाराखाली एकाच दिशेने वाकतो, त्यामुळे खेच येणारी बाजू ठरलेली असते आणि तेवढीच ठोकून घेता येते. कसारा घाटातून भरलेली गाडी रोज नेणाऱ्याचा पाटा या पाव मिलिमीटरवर तगून असतो.

हार्ड क्रोम केल्याने कातडी अजून कडक होते. मग फटीगही सुधारत असेल?

बिघडतं. क्रोमचा थर खूप कडक असतो, पण तो खेचेत असतो आणि त्यात जन्मापासून बारीक भेगा असतात. त्या पोलादात उतरतात. शिवाय प्लेटिंगच्या टाकीत हायड्रोजन पोलादात शिरतो आणि जास्त ताकदीच्या पोलादाला ठिसूळ करतो. त्यासाठी प्लेटिंगनंतर काही तासांच्या आत १९० ते २२० अंशांवर भाग बराच वेळ भाजावा लागतो. घासापासून बचावासाठी क्रोम हवाच असेल तर आधी पीनिंग करा, मग क्रोम. विमानाच्या भागांत ही जुनी रीत आहे.

हार्डनिंगनंतर ग्राइंडिंग आणि सरळ करणं यांनी काही फरक पडतो का?

खूप पडतो. भट्टीत कमावलेलं इथेच गमावलं जातं, आणि दोष भट्टीवाल्याच्या माथी येतो.

बोथट व्हील, जास्त कट, कमी कूलंट, आणि कातडी क्षणभर लाल होते. वरचा थर टेम्पर होऊन मऊ पडतो किंवा पुन्हा हार्ड होऊन ठिसूळ होतो. तापताना तो फुगू पाहतो, थंड धातू त्याला अडवतो, म्हणून तो तिथल्या तिथे चेपला जातो. निवल्यावर आकसतो आणि खेचेत जातो. जिथे ३०० चा दाब होता तिथे आता खेच. डोळ्यांना पृष्ठभाग झकास चकचकीत दिसतो. सौम्य नायटल लावला की जळालेले पट्टे काळे दिसतात, पुन्हा हार्ड झालेले पांढरे. ही चाचणी स्वस्त आहे, अर्ध्या तासात होते, आणि जड भाराच्या गिअरसाठी मी ती कधीच टाळू देत नाही.

सरळ करण्याचंही तसंच. हार्डनिंगमध्ये वाकलेला शाफ्ट प्रेसखाली धरून उलटा वाकवला की एका बाजूला शिल्लक खेच राहते, कधी बारीक भेगही पडते. सरळ करावंच लागत असेल तर टेम्परिंगनंतर करा आणि मग भेगा तपासून घ्या. जास्त बरं म्हणजे भाग भट्टीत उभा टांगून मुळात वाकूच न देणं.

ताकद नेमकी किती टक्के वाढते?

एकच आकडा सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. वाकवताना ताण आत कसा उतरतो ते पाहा. २० मिलिमीटर व्यासाच्या शाफ्टला १ मिलिमीटर थर दिला, तर थराच्या तळाशी ताण पृष्ठभागाच्या ९० टक्के असतो. ६० च्या शाफ्टला तोच थर दिला तर जवळजवळ ९७ टक्के. ६ मिलिमीटरच्या पिनेत तो ६७ टक्क्यांवर आलेला असतो. मऊ गाभा जिथे सुरू होतो तिथे भार जितका उतरलेला, तितका फायदा जास्त. म्हणून बारीक भागाला जास्त लाभ, जाड भागाला कमी.

खाच, फिलेट, भोक असलेल्या भागात ताण आत जाताना झपाट्याने उतरतो, त्यामुळे तिथे लाभ सर्वांत मोठा. अशा भागांत नायट्रायडिंगने एन्ड्युरन्स लिमिट दुप्पट किंवा त्याहून जास्त झालेली प्रयोगांत दिसली आहे. सरळ ओढल्या जाणाऱ्या रॉडमध्ये ताण सगळीकडे सारखाच असतो. तिथे भेग थराच्या खाली, एखाद्या ऑक्साइडच्या कणापासून सुरू होते आणि तुटलेल्या तोंडावर माशाच्या डोळ्यासारखा गोल डाग दिसतो. तो दिसला की भट्टीकडे बोट न दाखवता पोलादाच्या स्वच्छतेकडे पाहा.

थर जितका खोल तितका चांगला का?

नाही. थर फार खोल गेला की त्याला अडवून धरणारा गाभा कमी उरतो आणि दाब घटतो. बारीक दात तर आरपार कडक होऊन टोकाला उडतात. कार्ब्युराइझ केलेल्या भागाच्या ड्रॉइंगवर थराची खोली ५५० विकर्सपर्यंतची (विकर्स हे हार्डनेसचं दुसरं माप) म्हणून लिहा, आणि ती ग्राइंडिंगनंतरची हे स्पष्ट करा.

तार वाकवून वाकवून तुटते तशा ठिकाणी काय करायचं?

तिथे हा उपाय चालत नाही. तार दर वेळी कायमची वाकते आणि वीस-पंचवीस वेळांत तुटते. इतक्या मोठ्या वाकण्यात अडकलेला दाब पहिल्या काही फेऱ्यांतच निघून जातो आणि कडक कातडी उलट लवकर तडकते. भाग मुळातच बारीक पडत असेल तर व्यास वाढवा.

वापरलेला शाफ्ट पुन्हा हीट ट्रीटमेंट करून नव्यासारखा होतो का?

पडलेली भेग भट्टीत सांधली जात नाही. वेल्डिंगने भरून टर्निंग केलेला शाफ्ट तर वेल्डच्या कडेलाच जातो, कारण तिथे खेच आणि ठिसूळपणा दोन्ही असतात. हंगामात गाडी अडली म्हणून केलं तर समजू शकतो, पण नवा शाफ्ट त्याच दिवशी करायला टाका.

तुटलेला भाग तपासायला आणताना काय काळजी घ्यावी?

दोन तुकडे एकमेकांवर बसवून बघू नका, सगळ्यांचा पहिला मोह तोच असतो. त्याने तोंडावरच्या बारीक रेघा चेपल्या जातात, आणि भेग कुठून निघाली ते त्या रेघाच सांगतात. वायर ब्रश, एमरी, ॲसिड काही लावू नका. तोंडावर थोडं तेल सोडा आणि दोन्ही तुकडे वेगवेगळ्या कपड्यात गुंडाळा. पुली कोणत्या बाजूला होती, बेअरिंग कुठे होतं, ते खडूने लिहा. आणि त्याच बॅचमधला एखादा न तुटलेला भाग असेल तर तोही बरोबर आणा.